पुराव्यावर चालणारी भट्टी

३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोत पारा उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत घसरला. त्याच दिवशी मिशिगनमध्ये गॅसपुरवठ्याच्या एका केंद्राला आग लागली आणि रात्री लोकांच्या मोबाईलवर संदेश झळकला: थर्मोस्टॅट १८ अंशांपर्यंत खाली आणा. अशा थंडीत तिथली घरं बहुतांशी ज्याच्या जिवावर तगतात, ते यंत्र बेसमेंटच्या कोपऱ्यात उभं असतं. पत्र्याच्या कपाटासारखी दिसणारी गॅस फर्नेस.

तिच्या जन्मकथेत एक नाव आवर्जून घ्यायला हवं. न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या ॲलिस पार्कर या कृष्णवर्णीय महिलेला २३ डिसेंबर १९१९ रोजी नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या घरगुती भट्टीचं पेटंट मिळालं. घरोघरी कोळसा आणि लाकूड जळत होतं, त्या काळात तिने वेगवेगळ्या खोल्यांकडे गरम हवा नेणारी, स्वतंत्रपणे नियंत्रित होणारी बर्नरांची रचना कागदावर उतरवली. आज त्याच न्यू जर्सीत कितीतरी मराठी घरं आहेत. पुण्या-नागपुरात स्वेटर आणि गोधडीवर हिवाळा काढलेल्या माणसांना हे यंत्र तिथे गेल्यावरच भेटतं.

फर्नेसचा स्वभाव संशयी आहे, आणि तोच तिचा मोठा गुण. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली म्हणून गॅस लगेच सुटत नाही. आधी इंड्यूसर नावाचा लहान पंखा आतली हवा बाहेर ओढू लागतो. धूर जायची वाट मोकळी असेल तरच प्रेशर स्विच होकार देतो. मग इग्नायटर लालभडक तापतो, गॅसची झडप उघडते, बर्नर पेटतात. खरंच पेटले का, याची साक्ष फ्लेम सेन्सर देतो. ज्योतीतून वाहणारा विजेचा अतिसूक्ष्म प्रवाह मिळाला, तरच झडप उघडी राहते. थोड्या वेळाने ब्लोअर फिरू लागतो आणि गरम हवा खोल्यांत पोचते. मधल्या एका जरी टप्प्यावर पुरावा मिळाला नाही, तर सगळं थांबतं.

म्हणूनच थंड पडलेली फर्नेस पुष्कळदा मोडलेली नसते. कुठेतरी तिने पुढे जायला नकार दिलेला असतो, आणि ती जागा सापडली की निम्मं निदान झालं.

बर्नर पेटतात, काही सेकंदांत विझतात, पुन्हा पेटतात, पुन्हा विझतात. काही प्रयत्नांनंतर यंत्र गप्प होतं. हे दृश्य तंत्रज्ञांना अगदी ओळखीचं. बहुधा सेन्सरच्या बारीक सळईवर पुटं चढलेली असतात. वीज आणि गॅस बंद करून, एक स्क्रू काढून ती सळई बारीक स्टील वूलने हलकेच घासली की काम भागतं. शेजारच्या इग्नायटरला मात्र बोट लावू नये; तो फार ठिसूळ असतो.

सगळ्यांत जास्त त्रास देतो तो फिल्टर. तो तुंबला की हवा कमी पडते, हीट एक्स्चेंजर वाजवीपेक्षा जास्त तापतो आणि लिमिट स्विच ज्योत बंद करतो. एक इंच जाडीचा फिल्टर दर एक ते तीन महिन्यांनी बदलायचा असतो. काम पाच मिनिटांचं, पण टाळाटाळ हिवाळाभर चालते.

नव्वद टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेच्या नव्या फर्नेसचा धूर इतका निवलेला असतो की तो प्लास्टिकच्या पाइपातून भिंतीबाहेर सोडता येतो. हिमवादळात त्या पाइपाचं तोंड बर्फाने बुजतं आणि प्रेशर स्विच अडून बसतो. बर्फ बाजूला करायचा, इतकाच उपाय. तिच्यात साचणाऱ्या पाण्याची नळी तुंबली, तरी हाच परिणाम. कधी कारण याहूनही साधं निघतं: फर्नेसचा स्विच चुकून बंद झालेला, किंवा तिचं दार नीट न बसल्यामुळे आतला सुरक्षा-स्विच दबलेला नाही. कंट्रोल बोर्डवरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावं. त्याचा अर्थ बहुतेक वेळा दाराच्या आतल्या बाजूलाच छापलेला असतो.

घरच्या दुरुस्तीची हद्द इथे संपते. गॅसची झडप आणि हीट एक्स्चेंजर परवानाधारक तंत्रज्ञाकडेच द्यावेत. एक्स्चेंजरला तडा गेला तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो, आणि त्याला ना रंग ना वास. नैसर्गिक वायूलाही स्वतःचा वास नसतो. १९३७ मध्ये टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत स्फोट होऊन सुमारे तीनशे जीव गेले, त्यानंतर त्यात उग्र वास मिसळणं सक्तीचं होत गेलं. तो वास आला तर दिव्याच्या बटणालाही हात न लावता घराबाहेर पडा आणि बाहेरूनच फोन करा. मोनॉक्साइडसाठी झोपायच्या खोल्यांजवळ डिटेक्टर लावा, आणि थंडी सुरू होण्याआधी तो चालू आहे का, हे बटण दाबून पाहा.