उन्हातलं काम आणि आपली त्वचा

कांदा काढणी, तेंदूपत्ता, रोजगार हमी, ही आपली कामं ऐन उन्हाळ्यातच येतात. ‘उन्हात जाऊ नका’ एवढं सांगून आपलं भागत नाही. म्हणून उन्हात काम करतानाच त्वचा कशी जपायची, ते आज आम्ही सांगणार आहोत.

उन्हाबरोबर डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण येतात. त्वचा भाजते आणि काळवंडते ती त्यांच्यामुळे. सकाळी १० ते दुपारी ४ त्यांचा जोर असतो. घड्याळ नसलं तर आपली सावली बघा. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की ऊन बाधणारं समजा. शक्य तेवढं काम सकाळी लवकर उरका आणि दुपारी झाडाखाली बसा. रोजगार हमीच्या कामावर पिण्याचं पाणी आणि सावलीची सोय असायला हवी. ती नसेल तर सगळ्यांनी मिळून मागा.

साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायची आपली पद्धत चांगलीच आहे. फक्त कापड उजेडासमोर धरून बघा. आरपार दिसत असेल, तर त्यातून ऊनही येणार. घट्ट विणीचं, सैल, सुती कापड वापरा. स्कार्फ असा बांधा, की कान आणि मान झाकली जाईल. सनस्क्रीन घेणार असाल, तर एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं घ्या. घामाने ते निघून जातं, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावा. परवडत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, कापड आणि सावली मोठं काम करतात.

त्वचा भाजली, तर गार पाण्यात भिजवलेल्या सुती कापडाच्या घड्या ठेवा. टूथपेस्ट लावू नका. काळेपणा जावा म्हणून चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात गेलं, तर उलट फोड आणि डाग येतात.

आता वांगाबद्दल. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे वांग येऊ शकतात आणि उन्हाने ते वाढतात. मग कुणीतरी दुकानातून ‘गोरं करणारी’ ट्यूब आणून देतं. आठवडाभरात चेहरा उजळतो, म्हणून आपण ती लावतच राहतो. अशा काही ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. त्याने कातडी पातळ होते, पुरळ येतं, चेहऱ्यावर केस वाढतात आणि ऊन सोसत नाही. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असं नाव असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लावू नका. बरेच दिवस लावत असाल, तर ती कशी बंद करायची हेही डॉक्टरांनाच विचारा. गोळ्याही मनाने थांबवू नका.

सावळा रंग हा आजार नाही. मात्र अंगभर फोड, ताप, चक्कर किंवा बरी न होणारी जखम असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

गटाच्या पुढच्या बैठकीला येताना घरातली ट्यूब बरोबर आणा. तिच्यावर काय लिहिलंय, ते मिळून वाचू.