श्रद्धावंताचे दुःख आणि हकिमाचे कर्तव्य

मनाचा आजार म्हणजे श्रद्धेचा दुबळेपणा, ही समजूत कोणत्याही एका धर्माची मिरास नाही. खचलेल्या माणसाला 'देवाचे नाव घे, सारे ठीक होईल' असे सांगणारे हितचिंतक सर्वत्र भेटतात. मुस्लिम कुटुंबांत हाच सल्ला बहुधा 'ईमान कच्चे पडले, नमाज वाढव' अशा शब्दांत दिला जातो आणि तेवढ्याने भागले नाही, तर जिन्न, करणी किंवा नजर यांपैकी कशावर तरी ठपका ठेवून रुग्णाला दर्ग्याच्या वाटेला लावले जाते. असे सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. आपण धर्माच्याच बाजूने बोलत आहोत, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत असते. परंतु आत्म्याविषयीची इस्लामची मूळ कल्पना आणि तिच्या छायेत हजार-अकराशे वर्षांपूर्वी उभे राहिलेले वैद्यक यांकडे पाहिले, तर निराळेच चित्र दिसते. त्या परंपरेत मन आजारी पडणे हे पाप नव्हते आणि त्यासाठी हकिमाकडे जाणे हा अविश्वासही नव्हता.

रूह आणि नफ्स

माणसाच्या अंतरंगासाठी कुराणात प्रामुख्याने दोन शब्द येतात. पहिला रूह. ही ईश्वराने फुंकलेली चेतना. तिच्या स्वरूपाविषयी विचारणा झाली, तेव्हा ती परमेश्वराच्या आज्ञेतली गोष्ट असून माणसाला तिचे ज्ञान थोडेच दिले आहे, अशा आशयाचे उत्तर सतराव्या सूरेत आले आहे. साहजिकच रूहची चर्चा करताना बहुतेक धर्मपंडितांनी संयम पाळला. दुसरा शब्द नफ्स. नफ्स म्हणजे माणसाचे 'स्व'पण: त्याच्या वासना, विचार, भीती आणि विवेक या सर्वांचे ठिकाण. माणसाची खरी झुंज चालते ती येथे.

या नफ्सच्या तीन अवस्था कुराणातील निरनिराळ्या स्थळांवरून सांगितल्या जातात. वाइटाकडे ओढणारी ती अम्मारा, स्वतःलाच दोष देणारी ती लव्वामा आणि शांतवलेली ती मुत्मइन्ना. हे तीन वेगवेगळे आत्मे नव्हेत. एकाच जीवाच्या या अवस्था आहेत आणि माणूस त्यांच्यात ये-जा करीत असतो. 'हृदय' या अर्थाच्या कल्ब या शब्दाचे मूळही 'उलटणे, पालटणे' या क्रियेत आहे. अस्थिरता हा अंतःकरणाचा स्वभाव, हे त्या भाषेनेच गृहीत धरलेले आहे.

ईश्वरस्मरणाने अंतःकरणाला शांती लाभते, असे कुराण सांगते. यातून पुष्कळ लोक उलटा निष्कर्ष काढतात: ज्याला शांती नाही, त्याचे स्मरण खोटे. हा निष्कर्ष कुराणातीलच कथांना धरून नाही. याकूब हे पैगंबर. परंतु पुत्र यूसुफच्या वियोगाने त्यांचे डोळे पांढरे पडले, असे यूसुफच्या सूरेत वर्णन आहे. त्या शोकाबद्दल त्यांच्या ईमानावर कोणी बोट ठेवलेले नाही. इ. स. ६१९ च्या सुमारास पत्नी खदीजा आणि चुलते अबू तालिब यांचे पाठोपाठ निधन झाले, तेव्हा मुहम्मद पैगंबरांच्या चरित्रातील त्या वर्षाला 'दुःखाचे वर्ष' असेच नाव पडले. आपल्या तान्ह्या मुलाच्या, इब्राहीमच्या, मृत्यूच्या वेळी त्यांच्या डोळ्यांत अश्रू आले होते, ही नोंदही हदीसमध्ये आहे.

धर्मशास्त्राची भूमिका तर याहून स्पष्ट आहे. झोपलेला माणूस, अजाण मूल आणि भान हरपलेला रुग्ण यांच्या कृत्यांची नोंद केली जात नाही, हे हदीसवर आधारलेले तत्त्व इस्लामी कायद्यात सर्वमान्य झाले. प्रत्येक रोगावर ईश्वराने उपायही निर्माण केला आहे, या आशयाचे वचनही प्रसिद्ध आहे. ईश्वरावर हवाला ठेवण्यापूर्वी उंट बांधून ठेवावा, ही शिकवण तर लहान मुलांनाही ठाऊक असते. प्रार्थना आणि प्रयत्न यांत विरोध मानण्यास येथे आधार सापडत नाही.

बल्खचा पंडित

या विचारांना वैद्यकाची जोड कशी मिळाली, हे पाहावयाचे तर अबू झैद अल्-बल्खी या पंडिताकडे वळावे लागते. आजच्या उत्तर अफगाणिस्तानातील बल्खच्या परिसरात इ. स. ८५० च्या सुमारास त्याचा जन्म झाला. तरुणपणी तो इराकमध्ये गेला, तेथे तत्त्वज्ञ अल्-किंदीपाशी शिकला आणि पुढे मायदेशी परतला. ९३४ मध्ये त्याचे निधन झाले. भूगोलाच्या इतिहासात नकाशाकारांच्या एका संप्रदायाचा प्रवर्तक म्हणून त्याचे नाव घेतले जाते. शरीर आणि नफ्स यांच्या हिताविषयीचा त्याचा 'मसालिह अल्-अब्दान वल्-अन्फुस' हा ग्रंथ मात्र दीर्घकाळ हस्तलिखितातच पडून राहिला. गेल्या काही दशकांत त्याच्याकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. सुदानी मानसशास्त्रज्ञ मालिक बद्री यांनी केलेला त्यातील मनोविषयक भागाचा इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्या काळातील वैद्य शरीरापुरते पाहतात आणि मनाच्या विकारांकडे दुर्लक्ष करतात, ही बल्खीची तक्रार होती. त्याचा युक्तिवाद साधा आहे. शरीराचे कित्येक रोग एखाद्याला आयुष्यात होणारही नाहीत. मनाचा त्रास मात्र प्रत्येकाला, आणि तोही वारंवार, भोगावा लागतो. शिवाय दोन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत. शरीर आजारी पडले की बुद्धी नीट चालत नाही. मन आजारी पडले की शरीराला कशातच गोडी वाटत नाही आणि पुढे तेही रोगी होते.

मनाचे विकार त्याने चार गटांत मांडले: क्रोध, भय, विषाद आणि वसवास, म्हणजे इच्छा नसताना मनात घुसून ठाण मांडणारे विचार. विषादाचे त्याने केलेले पृथक्करण आजच्या वाचकालाही थबकवील. एक दुःख कारण असलेले: प्रियजन गेला, धन बुडाले. दुसरे कारण सापडत नसलेले: सर्व काही ठीक असताना माणूस आतून विझत जातो. पहिल्यासाठी बोलणे, समजूत काढणे, विचारांना वळण लावणे हे उपाय. दुसऱ्याचे मूळ शरीरात, म्हणून त्यावर औषधोपचार हवा, असे त्याचे म्हणणे. प्रकृती चांगली असताना माणूस जशी औषधे घरात बाळगतो, तसे मन शांत असताना हितकारक विचार साठवून ठेवावेत आणि कठीण प्रसंगी ते उपयोगात आणावेत, हा त्याचा सल्लाही लक्षणीय आहे.

अर्थात बल्खीचे शरीरशास्त्र आता टिकणारे नाही. रक्त, कफ व दोन प्रकारची पित्ते यांच्या समतोलावर ते उभे होते. त्याला आधुनिक मनोविज्ञानाचा जनक ठरविण्याचा मोह टाळलेला बरा. त्याच्या ग्रंथाचे मोल वेगळे आहे. तो श्रद्धावंत होता. तरीही कारणाविना खचलेल्या माणसाला त्याने पश्चात्तापाचा नव्हे, औषधाचा मार्ग दाखविला. त्या वैद्यकाचे अवशेष मराठी भाषेतही आहेत. 'तब्येत' हा शब्द निसर्ग, प्रकृती या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला, तर 'मिजास' हा शब्द ज्या 'मिझाज'वरून आला, त्याचा अर्थ शरीरातील रसांचे मिश्रण. शब्द राहिले, त्यांच्यामागची दृष्टी तेवढी विसरली गेली.

बगदादचा आचार्य

बल्खीनंतर दीड शतकाने बगदादमध्ये एक प्रसंग घडला. निझामिया विद्यापीठात १०९१ पासून अध्यापन करणारे अबू हामिद अल्-गझाली हे त्या काळातील अग्रगण्य धर्माचार्य. १०९५ मध्ये त्यांच्या मनात प्रतिष्ठा आणि वैराग्य यांचा असा झगडा सुरू झाला, की काही महिन्यांतच वर्गात त्यांची जीभ उचलेना. अन्न पचेना, शक्ती ओसरत गेली. वैद्यांनी तपासून सांगितले, की विकार अंतःकरणात उद्भवून तेथून शरीरात उतरला आहे. मनावरचे ओझे हलके झाल्याशिवाय गुण येणार नाही. गझालींनी पद सोडले, दमास्कस गाठले आणि कित्येक वर्षांनी, ११०६ मध्ये, ते पुन्हा अध्यापनाकडे वळले. पुढे हा सारा वृत्तान्त त्यांनी स्वतःच लिहून ठेवला. त्यांच्या विकाराला आजच्या एखाद्या रोगाचे नाव चिकटविणे उचित नव्हे. परंतु ज्यांना 'इस्लामचे प्रमाण' ही पदवी मिळाली, त्यांना आपली ही अवस्था लपवावीशी वाटली नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

बाग, कारंजी आणि साखळ्या

या विचारांना संस्थांचेही रूप आले होते. दमास्कसचे नूरुद्दीनचे रुग्णालय (११५४), कैरोचे सुलतान कलावूनचे रुग्णालय (१२८४), अलेप्पोचे अर्घून रुग्णालय (१३५४) यांत मनोरुग्णांची सोय होती. अलेप्पोच्या वास्तूत कोठड्या चौकाभोवती होत्या आणि चौकात पाण्याचे हौद. तुर्कस्तानातील एदिर्ने येथे १४८८ मध्ये बांधून झालेल्या रुग्णालयात रुग्णांना संगीत ऐकविण्यासाठी गायक-वादक नेमलेले असत, असे सतराव्या शतकातील प्रवासी एव्लिया चेलेबी याने लिहिले आहे. मात्र या काळाचे सोनेरी चित्र रंगविण्याचे कारण नाही. बाराव्या शतकात बगदादला गेलेल्या त्युदेलाच्या बेंजामिन या ज्यू प्रवाशाने तेथील मनोरुग्ण साखळ्यांत जखडलेले असल्याचे नमूद केले आहे. पण तोच पुढे सांगतो, की त्यांची ठरावीक काळाने तपासणी होई आणि शुद्धीवर आलेल्याला घरी पाठविले जाई. साखळी होती, परंतु ती सुटण्याची अपेक्षाही होती.

भारतात ती अपेक्षाही सुटल्याचे एक भीषण उदाहरण ६ ऑगस्ट २००१ रोजी दिसले. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयगृहाला पहाटे आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे पळू न शकलेले २८ मनोरुग्ण प्राणास मुकले. अशा ठिकाणी आप्तांना आणणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. ही एका समाजाची लाज नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

कायद्याने साखळी तुटते. समजूत तुटत नाही. तिच्यासाठी धर्माच्या घरातूनच शब्द यावा लागतो आणि तसा शब्द उपलब्ध आहे. वजू करताना हातपाय पुन्हा पुन्हा धुणारा, 'आपली नमाज झालीच नाही' या शंकेने झुरणारा विद्यार्थी घरच्यांना धर्मनिष्ठ वाटतो. वास्तविक शंकेने निश्चिती रद्द होत नाही, हा फिक्हचा जुना नियम आहे आणि अशा वसवासाच्या मागे न लागण्याचा सल्ला शास्त्रकारांनीच दिलेला आहे. रमजानमध्ये मनाच्या आजारावरील गोळ्या परस्पर बंद करणारे रुग्ण असतात. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरात पाणी कमी पडले, तर रक्तातील औषधाची मात्रा धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते. आजाऱ्याला रोजे पुढे ढकलण्याची सवलत खुद्द कुराणाने दिली आहे. ती केवळ ताप-खोकल्यासाठी आहे, असे कोठेही म्हटलेले नाही.

गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ च्या सुमारास 'दवा-दुआ' हा उपक्रम सुरू झाला. नवस फेडावयास आलेल्या रुग्णांना दर्ग्याचे मुजावरच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवू लागले. दुआ थांबली नाही. तिच्या जोडीला दवा आली. यात नवे काहीच नाही, असे बल्खीने म्हटले असते.

शांतवलेला नफ्स हे श्रद्धावंताचे गंतव्य आहे, ती प्रवेशाची अट नव्हे. वाटेत जो पडतो, त्याला उठविणे हे सोबत्यांचे कर्तव्य. तो का पडला, याचा निवाडा हे त्यांचे काम नव्हे. मशिदीतल्या इमामाने, शाळेतल्या गुरुजींनी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी एवढा भेद ध्यानी घेतला, तर कित्येक तरुणांची पावले वेळेवर दवाखान्याकडे वळतील. आणि तसे करताना आपण ईमानाशी प्रतारणा करतो आहोत, हे अपराधाचे ओझे तरी त्यांच्या आजारी मनावर राहणार नाही.