डोंगरी इंजिनाची जुळणी

रायगड जिल्ह्यात रेल्वेने चढणीला तीन निरनिराळी उत्तरे दिली आहेत. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटात चढ ३७ मीटरला १ मीटर एवढा तीव्र ठेवावा लागला, म्हणून कर्जतहून वर जाणाऱ्या गाडीला मागून रेटायला जादा इंजिने लावण्याची पद्धत पडली. किनाऱ्याच्या बाजूला, रोह्यापासून सुरू होणाऱ्या कोकण रेल्वेने याच्या उलट केले. १९९८ साली पूर्णपणे खुल्या झालेल्या या मार्गावर डोंगर पोखरून आणि दऱ्यांवर पूल टाकून चढ १५० मीटरला १ मीटरवर आणला गेला, वळणाची त्रिज्याही १२५० मीटरपेक्षा कमी होऊ दिली नाही. तिसरे उत्तर नेरळ–माथेरानचे. आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून उभी राहिलेली ही दोन फुटी रेल्वे १९०७ साली धावू लागली. तिने डोंगर फारसा फोडला नाही, ती त्याच्या कडेकडेने वळत गेली. २० मीटरला १ मीटर चढ आणि पावलोपावली वळणे, अशी वाट स्वीकारल्यावर सारा भार इंजिनाच्या रचनेवर आला. माझे म्हणणे असे, की या तिसऱ्या उत्तरातले शहाणपण चौथऱ्यावर उभे केलेले इंजिन पाहून उमगत नाही. ते कळण्याचा सामान्य माणसाला परवडणारा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे सुट्या भागांच्या संचातून डोंगरी इंजिनाची प्रतिकृती स्वतः जुळवणे, आणि त्यातही आधी गिअरचे इंजिन जुळवणे.

गिअरचेच का, हे समजण्यासाठी साध्या वाफेच्या इंजिनाची अडचण पाहू. त्यात दट्ट्याची ताकद लांब दांड्यांतून थेट मोठ्या चाकांना मिळते. चाके एका ताठ चौकटीत बसवलेली असल्यामुळे चौकट लांबली की तीव्र वळणावर ती रुळांना घासतात. शिवाय दट्ट्याचा जोर फेरीभर सारखा नसतो आणि चढावर त्या कमी-जास्त होणाऱ्या जोराने चाके घसरतात. अमेरिकेतील मिशिगनच्या जंगलात लाकूडतोडीचा धंदा करणाऱ्या एफ्रेम शे यांनी यावर वेगळा तोडगा काढला आणि १८८१ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्यांच्या इंजिनात सिलिंडर उजव्या अंगाला उभे असतात. ते एक लांब फिरता दांडा चालवतात आणि तो दांडा दातेरी चाकांमार्फत प्रत्येक आसाला फिरवतो. दांड्याच्या दोन-अडीच फेऱ्या झाल्या की चाकाची एक फेरी होते. वेग जातो, पण ओढ वाढते आणि ती एकसारखी मिळते. चाके छोट्या, वळणाऱ्या बोगींवर असतात आणि सगळीच चाके ओढतात, त्यामुळे कोळसा-पाण्यासह इंजिनाचे सगळे वजन रुळावर पकड धरण्याच्या कामी येते. अशी अडीच हजारांहून अधिक इंजिने बनली.

हे वाचून पटते, पण जुळवताना त्यामागचे कारण हाताला लागते. शे यांच्या इंजिनाच्या संचात पितळी पत्र्यातून कोरलेले भाग, मऊ धातूचे ओतीव तुकडे, दातेरी चाके आणि बारीक स्क्रू असतात. भाग पत्र्यापासून सोडवायचे, कानशीने कडा घासायच्या, घडी घालून डाख द्यायचा. बॉयलर मधोमध बसत नाही, डावीकडे सरकलेला दिसतो, आणि नवख्याला वाटते आपलेच काही चुकले. मग उजवीकडचे सिलिंडर बसवताना त्यांचा भार लक्षात येतो आणि तोल साधण्यासाठी बॉयलर सरकवला आहे, हे कळते. पुढे फिरत्या दांड्याचा प्रश्न येतो. उजवीकडच्या वळणावर दोन बोगींच्या उजव्या कडा एकमेकींजवळ येतात, डावीकडच्या वळणावर दूर जातात. त्यांना जोडणारा दांडा अखंड ठेवला, तर इंजिन वळणावर अडेल. म्हणून दांड्याचा एक तुकडा दुसऱ्यात सरकतो आणि दोन्ही टोकांना कुठल्याही दिशेने कलणारे सांधे असतात. दातेरी चाके फार घट्ट बसली तर अडकतात, फार सैल बसली तर उडी मारतात. दोघांत कागदाच्या जाडीएवढी फट राखली की ती मोकळी फिरतात. चढणीवरच्या इंजिनाला ताकदीइतकीच लवचीकताही लागते, हा धडा इथे मिळतो.

हा धडा घेऊन माथेरानच्या इंजिनाकडे पाहावे. पंढरपूरच्या वारकऱ्यांना एकेकाळी परिचित असलेली बार्शी लाइट रेल्वे उभारणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी माथेरानसाठी सहा चाकांचे इंजिन आखले आणि जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने अशी चार इंजिने पुरवली. यांत गिअर नाहीत, दांडेच आहेत. तरीही प्रश्न तोच होता: सगळ्या चाकांनी ओढले पाहिजे आणि चाकांनी वळलेही पाहिजे. उत्तर क्लिएन–लिंडनर पद्धतीच्या आसात सापडले. टोकाच्या आसांमध्ये एक भरीव गाभा असतो, त्याला दांडे फिरवतात. त्याभोवती पोकळ नळीसारखा दुसरा आस असतो आणि चाके या नळीवर असतात. दोघांना मध्यभागी गोलाकार सांधा जोडतो. फिरण्याची ताकद गाभ्यातून नळीला मिळते, पण नळी थोडी तिरकी होऊन रुळाच्या वळणाप्रमाणे वळू शकते. पाणी इंजिनावरच्याच टाक्यांत असल्याने त्याचे वजनही चाकांच्या पकडीला मदत करते. शे यांच्या इंजिनातला सांधा ज्याने स्वतः बसवला आहे, त्याला हा आतला, बाहेरून कधीच न दिसणारा सांधा समजायला वेळ लागत नाही. ही इंजिने १९८२ पर्यंत टिकली.

यावर काही रास्त आक्षेप आहेत. पहिला असा, की संचात विचार दुसऱ्याने आधीच केलेला असतो, जुळवणारा फक्त सूचना पाळतो. सूचना पाळूनच काम होत असते, तर हे खरे ठरले असते. पण ओतीव भाग किंचित वाकलेले येतात, भोके नेमकी जुळत नाहीत, आणि मग कुठला भाग कशासाठी आहे हे समजल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही. विचार तिथे करावाच लागतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बहुतेक प्रतिकृतींत वाफ नसतेच, विजेची मोटर असते, मग वाफेच्या इंजिनाबद्दल त्या काय शिकवणार? ही मर्यादा मान्य केली पाहिजे. १:१९ प्रमाणात लांबी १९ पट घटते, पण वजन सुमारे ६,८५९ पट घटते, त्यामुळे उष्णता, दाब आणि पकड यांचे खरे गणित प्रतिकृतीत उतरत नाही. मात्र आकार आणि हालचाल यांचे गणित प्रमाण बदलल्याने बदलत नाही. वळणावर बोगीच्या कडा मोठ्या इंजिनातही तशाच जवळ येतात. डोंगरी इंजिनाची मुख्य करामत हालचालीतच असल्याने प्रतिकृती नेमके महत्त्वाचे तेच शिकवते. तिसरा आक्षेप खर्चाचा. परदेशी संच महाग असतात, एकट्या विद्यार्थ्याला ते झेपणार नाहीत. म्हणूनच हे काम शाळेच्या किंवा आयटीआयच्या कार्यशाळेत, गटाने करायचे आहे. एका संचावर अनेक हात शिकू शकतात.

आणि संच परदेशीच असला पाहिजे असेही नाही. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून भाऊसाहेब जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय लोकांना चालती प्रतिकृती दाखवत आहे, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला या छंदाची ओढ नाही असे म्हणता येत नाही. रायगडच्या किनारपट्टीलगत पेणमध्ये साचे काढण्याचे आणि ओतकामाचे कसब गणेशमूर्तींच्या कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या जोपासले गेले आहे. हेच कसब, पितळी पत्र्याचे कोरीव भाग आणि त्रिमितीय छपाई एकत्र आणून माथेरानच्या इंजिनाचा संच जिल्ह्यातच बनवता येईल. १:१९ प्रमाणात दोन फुटी रुळांची रुंदी ३२ मिलिमीटर होते, म्हणजे आतला तो सांधाही बोटांनी बसवता येईल इतका मोठा ठेवता येतो. इंजिनाच्या टोकाच्या आसाचा छेद घेतलेला एक जादा भागही संचात हवा, म्हणजे गाभा आणि नळी दोन्ही उघडी दिसतील. इंजिने जतन करण्यावर आपण खर्च करतो, तो योग्यच आहे. पण ती का आणि कशी चालत होती हे जाणणारी माणसे तयार झाली नाहीत, तर जतन झालेले लोखंड पुढच्या पिढीला काहीच सांगणार नाही. अशी माणसे घडवण्यासाठी रायगडने माथेरानच्या इंजिनाचा संच बनवावा आणि तो जिल्ह्यातल्या शाळांच्या कार्यशाळांत पोहोचवावा.