इंजिनाचा कान

पोरांनो, इंजिनाच्या अंगाला बोल्टनं आवळलेला एक कान असतो. गॅरेजवाले त्याला नॉक सेन्सर म्हणतात.

सिलिंडरात ठिणगी पडली की आग एका टोकाकडून पसरत जाते. पण कधी कधी कोपऱ्यातलं उरलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबानं इतकं तापतं, की आग पोचायच्या आधीच आपणहून भडकतं! मग दाबाच्या लाटा भिंतींवर आपटतात, सेकंदाला सहा-सात हजार वेळा, आणि इंजिन खणखणतं. फार दिवस चाललं तर पिस्टनचं वाटोळं.

ही थरथर ऐकायला कानात असते एक सिरॅमिकची चकती. ती दाबली की वीज देते. कशी? आतले धन आणि ऋण भार एकमेकांना तोलून असतात. दाबलं की जागेवरून किंचित सरकतात, तोल बिघडतो. दाबलं की वीज येते हे पहिल्यांदा दाखवलं प्येर क्युरी आणि त्याचा थोरला भाऊ जाक यांनी, १८८० साली. प्येर तेव्हा जेमतेम २१ वर्षांचा, रेडियमचा शोध अजून १८ वर्षं लांब! त्यांच्याकडे होते क्वार्ट्झसारखे स्फटिक. माळावर गारगोट्या वेचता ना, त्या क्वार्ट्झच्याच.

कानानं खणखण ऐकली की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, ठिणगी जरा उशिरा पाडतो, खणखण थांबते. पण कानाकडून खबरच येईना, तर? बहुतेक गाड्यांत ईसीयू धसका घेऊन ठिणगी उशिराच पाडत राहतो. गाडी घाटात ओढत नाही, चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर ‘पी ०३२५’ उमटतं.

लगेच नवा सेन्सर आणणारे मेकॅनिक मला पटत नाहीत. हा कोड सर्किटबद्दल बोलतो. सर्किटात वायर येते, कपलर येतो. कपलरच्या पिना हिरव्या पडल्यात का, उंदरानं वायर कुरतडलीय का, ते आधी बघा. वायर ईसीयूपर्यंत सलग आहे का, मल्टिमीटरनं तपासा. तिच्यावरची तारेची जाळीसुद्धा शाबूत हवी, नाहीतर या इवल्याशा विजेत इग्निशनचा गोंगाट मिसळतो. मग सेन्सरला मीटर लावून एसी मिलिव्होल्टवर ठेवा आणि जवळच इंजिनावर पान्यानं हलकेच ठोका, सेन्सरवर नव्हे हं. आकडा हलला तर चकती जिवंत.

बदलावाच लागला, तर बूड स्वच्छ पुसा, मध्ये वॉशर घालू नका. आणि बोल्ट अंदाजानं आवळायचा नाही, टॉर्क पान्यानंच. पुष्कळ सेन्सरना २० न्यूटन-मीटर लागतात. ढिला राहिला तर थरथर चकतीपर्यंत नीट पोचतच नाही.