फ्लोरा फाउंटन की हुतात्मा चौक?

दिवाळीच्या सुट्टीत मी, बाबा आणि आजोबा मुंबईला गेलो होतो. मोहोपाड्याहून एसटीने पनवेल आणि तिथून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. स्टेशनाबाहेर बाबांनी एका माणसाला हुतात्मा चौक विचारला. तो म्हणाला, "फाउंटन ना? सरळ जा." पंधरा मिनिटे चाललो.

चौकात मोठे दगडी कारंजे आहे. मी पळत जाऊन त्याच्यापुढे उभी राहिले नि म्हटलं, "बाबा, हुतात्म्यांजवळ माझा फोटो काढा!" आजोबा हसायला लागले. "अगं, ही तर परीसारखी बाई! हिला कुणी गोळी घातली?"

ती फ्लोरा, रोमन लोकांची फुलांची देवी. हे कारंजे इंग्रजांच्या काळात, १८६४ साली झाले. त्याचा दगडसुद्धा इंग्लंडहून आणला. पूर्वी त्या जागी मुंबईच्या किल्ल्याचा दरवाजा होता. जवळच्या चर्चमुळे त्याला चर्चगेट म्हणत. दरवाजा पाडला, नाव मात्र स्टेशनाला राहिले.

हुतात्म्यांचे स्मारक कारंज्याच्या शेजारी, वेगळे आहे. मित्रांनो, माझ्यासारखे फसू नका.

१९५५ साली मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवायचे घाटत होते. लोकांना ते मान्य नव्हते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात १५ माणसे मेली. चळवळीत एकूण शंभराहून जास्त. त्यांच्या यादीत पवार, जाधव आहेत, तसे चिमणलाल शेठ आणि के. जे. झेवियरही आहेत. शेवटी १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले.

स्मारकावर दोन पुतळे आहेत. एक शेतकरी, एक कामगार. दोघांनी मिळून एकच मशाल धरली आहे. आजोबांनी चपला काढल्या आणि हात जोडले. मग बराच वेळ वर बघत राहिले. आमचे आजोबा पाताळगंगेच्या काठी भात लावतात आणि बाबा कंपनीत शिफ्टला जातात. मी म्हटलं, "हे तर आपल्याच घरचे दोघे!" मग फोटो मीच काढला, त्या दोघांचा, स्मारकासमोर.

परत जाताना एका बाईंनी आम्हाला विचारले, "फाउंटन कुठे हो?" आजोबांनी हात करून सांगितले, "हुतात्मा चौक तो काय, तिकडे."

शेजारचे चित्र मी काढले आहे. मशाल जरा वाकडी आली आहे.