फोटोतला पिवळा रंग आणि बाळाची कावीळ

'डॉक्टर, बाळ पिवळं दिसतंय, फोटो पाठवलाय.' बालरोग विभागातल्या बहुतेक डॉक्टरांच्या फोनवर असे निरोप येतात. संगणकाची आवड असलेले तरुण पालक पुढे विचारतात, रंग मोजणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला तर?

लिहिता येतो. पायथन भाषेत दहा-पंधरा ओळी पुरतात. फोटो म्हणजे असंख्य ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, 0 ते 255 मधले. प्रोग्रॅम आधी फोटो लहान करतो; 150 बाय 150 केला तरी 22,500 ठिपके उरतात. मग त्यांचे, समजा, पाच गट पाडायचे. सुरुवातीला कोणतेही पाच रंग घ्यायचे, प्रत्येक ठिपका जवळच्या रंगाच्या गटात टाकायचा, गटाची सरासरी हा त्याचा नवा रंग. गट बदलायचे थांबेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. या पद्धतीला 'के-मीन्स' म्हणतात. सर्वांत मोठा गट तो प्रमुख रंग.

आणि बाळाच्या फोटोत तो बहुधा दुपट्याचा निघतो! प्रमुख म्हणजे जास्त जागा व्यापणारा, महत्त्वाचा नव्हे. फक्त छातीचा भाग कापून घेतला तरी दिव्याचा पिवळेपणा त्वचेवर उतरतोच. त्यात फोनचा कॅमेरा आपल्याला न विचारता सगळे रंग सावरून घेतो. सावळ्या बाळाची कावीळ तर नुसत्या नजरेलाही चकवते. म्हणून आम्ही बोटाने त्वचा हलकी दाबतो. रक्त क्षणभर बाजूला सरतं आणि खालचा पिवळेपणा दिसतो. फोटो दाबता येत नाही.

अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये 'बिलीकॅम' हे ॲप मांडलं. त्यात बाळाच्या अंगावर ठरावीक रंगांचं कार्ड ठेवून फोटो काढतात. कार्डाचे खरे रंग माहीत असल्याने उजेडाचा फरक वजा करता येतो. घरच्या प्रोग्रॅमला ही सोय नसते. आणि उपचार ठरवायचे तर रक्तातलं बिलिरुबिन तपासावंच लागतं.

जन्मानंतर 24 तासांच्या आत पिवळेपणा दिसला, तो तळहात-तळपायांपर्यंत पोचला, किंवा बाळ सुस्त पडून दूध ओढेनासं झालं, तर फोटोत वेळ घालवू नका; थेट रुग्णालय गाठा. शी पांढुरकी होत असेल तर मात्र फोटो काढा, दुपटंही सोबत आणा. पित्तनलिका बंद असण्याची ती खूण असू शकते, आणि त्यावरची शस्त्रक्रिया पहिल्या 60 दिवसांत झाली तर यशाची शक्यता जास्त असते.