दाखल्यात नसलेला रकाना

२०२५ मध्ये विदर्भ सोडून राज्यातल्या शाळा १६ जूनला उघडल्या. पहिलीचा नवा अभ्यासक्रम आणि पहिलीपासूनची हिंदी यांवर त्याआधी दोन महिने भरपूर बोलून झालं होतं, त्यात इथे भर घालत नाही. भिवंडीत दर जूनमध्ये आणखी एक मोठी हालचाल चाललेली असते आणि तिची बातमी होत नाही. शांतीनगरपासून पद्मानगरपर्यंत घरोघरी मुलांची शाळा बदलत असते. चौथी किंवा सातवी झाली, प्राथमिक शाळा संपली, आता माध्यमिक. आईवडील जुन्या शाळेतून दाखला काढतात, त्याच्या झेरॉक्स काढतात आणि नव्या शाळेच्या ऑफिसात रांगेत उभे राहतात.

हा शाळा सोडल्याचा दाखला एकदा नीट वाचावा. मुलाचं नाव, आईचं नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचं कारण, शेरा. प्रगतीसमोर बहुधा ‘समाधानकारक’, वर्तणुकीसमोर ‘चांगली’. हे मूल डाव्या कानानं ऐकतं म्हणून त्याला उजव्या भिंतीकडे बसवावं लागतं, असं लिहायला जागा नाही. फळ्यावरचं उतरवून घ्यायला त्याला दुप्पट वेळ लागतो, पण तोंडी विचारलं तर सगळं येतं. घंटा वाजली की ते दचकतं आणि मग अर्धा तास बोलत नाही. दोन सूचना एका दमात दिल्या तर दुसरी निसटते. यातलं काहीच त्या कागदावर नसतं. हे सगळं जुन्या वर्गाच्या बाईंना ठाऊक असतं. चार वर्षं रोज समोर बसवून त्यांनी ते शिकून घेतलेलं असतं. मूल पुढच्या शाळेत जातं आणि ही माहिती मागच्याच शाळेत राहते. नव्या शाळेत पहिले सहा महिने त्या मुलाची ओळख ‘लक्ष देत नाही’, ‘आळशी आहे’ अशीच होते.

विशेष गरजा असलेल्या मुलांविषयी आपल्याकडे चर्चा होते ती रॅम्पची, स्वच्छतागृहाची, शिष्यवृत्तीची. ती व्हायलाच हवी. पण मुलं गळतात ती एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाताना, असं माझं ठाम मत आहे, आणि त्या वाटेवर कोणाचीच नेमणूक नाही.

आकडे बघा. १३ मे २०२५ रोजी दहावीचा निकाल लागला. साडेपंधरा लाखांच्या आसपास नियमित विद्यार्थी बसले होते. दिव्यांग विद्यार्थी होते साडेनऊ हजारांहून थोडे जास्त आणि त्यांतले ९२ टक्क्यांवर पास झाले. पेपरांत या ९२ टक्क्यांचं कौतुक आलं. मला त्याआधीचा आकडा अस्वस्थ करतो. दहावीच्या त्या परीक्षेत हजारात साधारण सहा मुलं दिव्यांग म्हणून नोंदलेली होती. २०११च्या जनगणनेत १० ते १९ वयोगटातल्या अपंग मुलांचं देशातलं प्रमाण हजारात अठराच्या आसपास होतं, आणि तेव्हा अपंगत्वाचे प्रकार मोजले गेले फक्त आठ. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ते एकवीस केले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यांत आल्या. म्हणजे प्रमाण वाढायला हवं होतं. बाकीची मुलं दहावीपर्यंत पोचली नाहीत, किंवा पोचली पण कोणी ओळखली नाहीत. दोन्ही वाईटच.

कायद्याचं म्हणाल तर तो भक्कम आहे. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी हात सोडतो, पण दिव्यांग हक्क कायद्याच्या ३१व्या कलमानं ठरावीक प्रमाणाहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. सतराव्या कलमात दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी, जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, सगळं आहे. शाळा बदलताना काय करायचं, याचा मात्र पत्ता नाही.

भिवंडीत ही वाट आणखी अवघड होते. शहराची लोकसंख्या २०११ मध्येच सात लाखांच्या वर होती. यंत्रमागांमुळे उत्तर प्रदेशातून आलेली अन्सारी कुटुंबं इथे आहेत, तेलंगणातून आलेले पद्मशाली आहेत, मूळचे आगरी-कोळी आहेत, कोकणी मुसलमान आहेत. महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा कितीतरी माध्यमांत चालतात. घरी भोजपुरी किंवा अवधी, वर्गात उर्दू, रस्त्यावर हिंदी आणि पुढे दहावीच्या परीक्षेत मराठी. असं मूल वाचताना अडखळलं तर ते भाषेमुळे की अध्ययन अक्षमतेमुळे? शिक्षक म्हणतात भाषा कच्ची आहे, होईल हळूहळू. कधी ते खरं असतं. कधी त्या ‘हळूहळू’त चार वर्षं जातात. ऐकण्याचंही तसंच. मागांच्या खडखडाटाशेजारी राहणाऱ्या घरात सगळेच मोठ्यानं बोलतात. तिथे मुलाला कमी ऐकू येतं हे लक्षात यायला उशीर झाला तर दोष आईला कसा द्यायचा?

अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राची गोष्ट मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण शाळा बदलण्याचा आणि या कागदाचा विचित्र संबंध आहे. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हे प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी, अठराव्या वर्षी आणखी एकदा, आणि मग ते कायमचं. आठ वर्षं म्हणजे तिसरी. चौदा म्हणजे आठवी-नववी. मूल नुकतंच माध्यमिक शाळेत रुळू लागलेलं असतं, शिक्षक विषयागणिक वेगळे, आणि नेमका त्याच वेळी जुना कागद संपतो. तो नवा करण्यासाठी डोळे, कान, बुद्ध्यंक आणि वाचन-लेखनाच्या चाचण्या वेगवेगळ्या दिवशी कराव्या लागतात. भिवंडीहून ठाण्याला थेट लोकल नाही. मुंबईत सायन किंवा नायरला जायचं तर अख्खा दिवस जातो. वडील मागावर असतील तर मजुरी मीटरवर. न विणलेल्या मीटरचे पैसे कोण देणार? तीन-चार खेपांनंतर घरचे थांबतात आणि नवव्या इयत्तेत मूल कागदाविना बसतं.

चाचणी कुठल्या भाषेत घ्यायची, हाही प्रश्न आहेच. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं भारतीय भाषांसाठी ‘डाली’ हा चाचणीसंच बनवला, तो आधी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आला. मराठी त्यात आहे याचं समाधान वाटतं. पण भिवंडीतल्या ज्या मुलांचा अक्षराशी पहिला संबंध उर्दूतून आला, उजवीकडून डावीकडे, त्यांचं वाचन देवनागरीत तपासून काय कळणार?

विशेष शिक्षक हे यावरचं उत्तर म्हणून सांगितलं जातं. ७ मार्च २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना खडसावलं ते याचसाठी: मंजूर पदं जाहीर करा, भरती करा. २०१६ पासून हे प्रकरण चालू होतं आणि त्यातूनच प्राथमिकला दहा मुलांमागे एक, पुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरलं. महाराष्ट्रानं २०२४च्या ऑक्टोबरमध्ये शाळांच्या गटांच्या, म्हणजे केंद्रांच्या, पातळीवर ४,८६० पदं निर्माण केली. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्या माणसांना त्यातून आधार मिळेल, हे चांगलंच. पण राज्यात शाळा एक लाखाच्या वर आहेत. भागाकार केला तर एका शिक्षकाच्या वाट्याला वीसहून जास्त शाळा येतात. असा शिक्षक फिरता असतो. त्याच्या वहीत मुलाची नोंद असते, आराखडा असतो. मूल दुसऱ्या केंद्रातल्या शाळेत गेलं की वहीही बदलते.

या सगळ्यात मला मिठू अलूर यांचं काम पुन्हा पुन्हा आठवतं. त्यांची मुलगी मालिनी छिब यांना सेरेब्रल पाल्सी. १९७२ मध्ये अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, म्हणजे विशेष शाळेपासूनच. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. १९९८ मध्ये लंडन विद्यापीठात त्यांनी प्रबंध लिहिला तो अंगणवाडीच्या योजनेतून अपंग मुलं कशी वगळली गेली यावर. मग स्वतःच्याच विशेष शाळांमधली मुलं साध्या शाळांत पाठवायला सुरुवात केली आणि धारावीसारख्या वस्त्यांत सर्व मुलांना एकत्र बसवणाऱ्या बालवाड्या चालवल्या. आपण उभी केलेली संस्था हे मुलाचं अंतिम ठिकाण नाही, असं ठरवणं किती संस्थाचालकांना जमेल? मालिनी विशेष शाळेतून सेंट झेवियर्समध्ये गेल्या, पुढे लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या, एका बोटानं टाइप करत २०११ मध्ये आत्मचरित्र लिहिलं. त्यांच्यामागे अशी आई होती. कांड्या भरून घर चालवणाऱ्या, भिवंडीतल्या गैबीनगरच्या आईकडे तेवढा वेळ नाही, तेवढ्या ओळखी नाहीत. तिच्या मुलासाठी हे काम व्यवस्थेनं करायला हवं.

आणि ते करता येतं, याचा पुरावा आपल्याच घरात आहे. २०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचं अभियान चालतं. पहिलीत येणाऱ्या मुलांचे मेळावे भरतात, टेबलं मांडतात, मूल उड्या मारतं का, चित्र ओळखतं का, मोजतं का हे पाहतात, आयांचे गट करतात. अंगणवाडीतून शाळेत येणं हे अवघड पाऊल आहे एवढं सरकारला पटलं. मग पाचवीत आणि आठवीत येणाऱ्या विशेष गरजांच्या मुलांसाठी असाच एक दिवस का नसावा? नव्या शाळेची इमारत, जिना, वर्ग, शिक्षक आधीच एकदा बघून घेतलेले असतील तर स्वमग्न मुलाचा पहिला दिवस पार वेगळा जातो.

इंग्लंडमध्ये अशा मुलाची योजना शाळा बदलण्याच्या वर्षी १५ फेब्रुवारीपर्यंत नव्यानं पक्की करावी लागते, शाळा सुरू होते सप्टेंबरमध्ये. तिथेही तारखा चुकतात, पालक भांडतात. पण भांडायला तारीख तरी आहे. आपल्याकडे दाखल्यासोबत जुन्या वर्गशिक्षकांनी लिहिलेलं एक पान द्यायचं, एवढं शिक्षण खात्यानं एका परिपत्रकात बंधनकारक केलं तरी पुष्कळ होईल. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी शिक्षक २०१० पासून लिहीतच आहेत. हे पान त्यांना जड नाही. वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, त्याच्या मागच्या बाजूलाही हीच माहिती मावेल. विशेष शाळांचा प्रश्न थोडा वेगळा: त्या २०२२च्या डिसेंबरपासून स्वतंत्र झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे, साध्या शाळा शालेय शिक्षणाकडे. कर्णबधिर मूल एकीकडून दुसरीकडे गेलं की खातंच बदलतं. इथे दोन्ही खात्यांनी एकत्र बसून नियम करायला हवा.

ज्यांचं मूल पाचवीत किंवा आठवीत नव्या शाळेत जाणार आहे, त्यांनी परिपत्रकाची वाट पाहू नये. दाखला हातात असला तरी जुन्या बाईंकडे जा, मूल कसं शिकतं ते साध्या शब्दांत लिहून मागा, खाली सही घ्या आणि नव्या वर्गशिक्षकांच्या हातात द्या, ऑफिसात नको. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे आणि नापास झाल्यावर त्याच वर्गात राहावं लागू शकतं, तेव्हा जादा वेळ आणि लेखनिक यांची मागणी पहिल्या चाचणीपूर्वीच लेखी द्या. आठवीतल्या मुलाला चौदावं लागत असेल तर फेरतपासणीची तारीख शाळा सुरू होताच घ्या. पुढे दहावीचे फॉर्म दिवाळीच्या आसपास भरले जातात, आणि सवलतीसाठी तेव्हा चालू प्रमाणपत्र लागतं.